पहिली पंगत

एर्मिंदो कोल्के दर ऑक्टोबरात सुट्टीला येतो आणि स्वतःच्याच घरात भाडं भरून राहतो. पहिल्या वर्षी गाव हसलं. आता कुणी हसत नाही.

घर त्याचंच होतं. त्याची बायको सुनिल्दा वारली, तेव्हा त्याने ते राजधानीतल्या, सान्तियागोच्या एका जोडप्याला विकलं आणि खाली कालामा शहरात, तांब्याच्या खाणीवर, कायमचा राहायला गेला. जोडप्याने भिंतींना रंग दिला, अंगणात झोपाळे टांगले आणि पर्यटकांना खोल्या द्यायला सुरुवात केली. झाडलोटीला मला ठेवलं. माझं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे उशीर झाला म्हणून सबब सांगायचीही सोय नाही.

खाणीवरचे बाकीचे ड्रायव्हर सुट्टीत बायकापोरांना घेऊन समुद्रावर जातात. हा वाळवंटात येतो. दारात बॅग घेऊन परक्यासारखा उभा राहतो आणि मी किल्ली देईपर्यंत उंबरा ओलांडत नाही. त्याची आई जिथे मका वाळत घालायची ती खोली त्याला मिळते, कारण तिला खिडकी लहान आहे आणि पर्यटकांना डोंगर दिसायला हवा असतो.

"टॉवेल एक देऊ की दोन?" मी विचारते.

"काहीही दे."

"रडायला एक पुरे ना?" एकदा मी मुद्दाम बोलले. म्हटलं चिडेल, दोन शिव्या तरी हासडेल.

"एक पुरे," तो म्हणाला आणि किल्ली घेऊन आत गेला. असल्या माणसाला टोमणा मारणं म्हणजे उशीला चिमटा काढणं.

एका सुट्टीत तर तो पर्यटकांच्या गाडीत बसून खाऱ्या तळ्यावर फ्लेमिंगो बघून आला. लहानपणी त्याच तळ्याकाठी तो लामांचा कळप राखायचा.

"कसं होतं?" मी विचारलं.

"बरं होतं. टोपी दिली."

दुःखी माणूस निदान दुःखी तरी असतो. हा नुसता असायचा. त्याला बघून मला कधी कीव यायची, पण जास्त वेळा रागच यायचा.

घर गेलं तरी कालव्याखालची बाग त्याचीच राहिली होती. नासपतीची आणि अंजिराची झाडं, सगळी सुनिल्दाने लावलेली. पण आमच्याकडे नुसती जमीन असून काय करायची? पाण्याची पाळी हवी, आणि पाळी गावच्या माणसालाच; पाळी ज्याची, बागही त्याचीच. मधल्या काळात त्याचा चुलतभाऊ निकानोर बाग भिजवत होता. यंदा त्याने गावसभेत विषय काढला.

"एर्मिंदोला इथे घर नाही, चूल नाही. सुट्टीला येतो आणि हॉटेलात उतरतो. हा गावचा कसा? पाळी माझ्या नावावर करा."

म्हातारा सातुर्निनो कालव्याचा कप्तान. तो म्हणाला, "कालवा साफ करायच्या दिवशी बघू. त्या दिवशी कळतं कोण कुठला ते."

मी तडक एर्मिंदोच्या खोलीवर गेले. तो खाटेच्या कडेला बसला होता, बूट न काढता.

"पाळी जाणार तुझी."

"जाऊ दे."

"निकानोर झाडं तोडून तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधणार आहे. सुनिल्दाची झाडं."

तो त्या एवढ्याशा खिडकीकडे वळला. मग म्हणाला, "फावडं आहे का तुझ्याकडे?"

सकाळी ज्वालामुखीच्या पायथ्याशी सगळं गाव जमलं. कप्तानाने फावड्याच्या दांड्याने मोजून प्रत्येकाला कालव्याचा तुकडा दिला. एर्मिंदोने मान वर न करता गाळ उपसला. गाडी चालवणारे हात ते; फोड आले, फुटले, दांड्याला रक्त लागलं.

"हात बघ तुझे," मी म्हणाले. त्याने बघितले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे, आणि पुन्हा कामाला लागला.

दुपारी पाणी सोडलं. कप्तानाने कोकाची पानं वाहिली, एकेका डोंगराचं नाव घेतलं, आणि मग पतास्काची पातेली उघडली. मक्याचा आणि मांसाचा तो रस्सा वर्षभर डोळ्यांसमोर असतो. पण पहिली पंगत पाहुण्यांची, म्हणजे बघायला आलेल्या पर्यटकांची. गावच्यांनी मागून जेवायचं, उरेल ते.

वाढायला निकानोरची बायको ओदिलिया होती. बाई साखरेत घोळलेली मिरची आहे. तिने मांसाचा मोठा तुकडा घालून थाळी भरली आणि पर्यटकांना ओलांडून थेट एर्मिंदोकडे गेली.

"घ्या भाऊजी. लांबून आलात तुम्ही."

आणि त्याने घेतली! कुणी काहीही दिलं तरी तो घेतोच. चमचा बुडवून तोंडाकडे नेऊ लागला. निकानोर मिशीतल्या मिशीत हसला. एक घास पोटात गेला असता तर तो पाहुणा ठरला असता आणि पाळी गेली असती.

मी धावले आणि थाळी हिसकावली. अर्धा रस्सा त्याच्या विजारीवर सांडला.

"लाज नाही वाटत? घरची माणसं उपाशी आणि हा मेला आधी जेवायला बसला! ऊठ! रांगेत जा!"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. पाहुण्याच्या हातातलं अन्न ओढणं, असलं पाप आमच्या गावात कुणी केलं नव्हतं. मी थाळी सोडली नाही. एर्मिंदो माझ्याकडे बघत उठला आणि पुरुषांच्या रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहिला.

त्याच्या पुढच्या माणसाला वाढलं आणि पातेलं संपलं.

निकानोरला तेवढंच हवं होतं. "बघा कप्तान! पाहुणा उपाशी राहिला. या फिलोमेनाने गावाचं नाक कापलं."

सातुर्निनो गालातली पानं चघळत राहिला. मग म्हणाला, "आपल्या गावात पाहुणा कधी उपाशी राहिलाय का रे?"

"कधीच नाही!"

"मग हा पाहुणा नाही. पाळी त्याची. जेवा आता गुपचूप."

माणसं खो खो हसली. एर्मिंदो हसला नाही. बागेकडेही त्याने बघितलं नाही. रिकामी थाळी घेऊन तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलेल.

"फिलो," तो म्हणाला, "भूक लागलीय गं मला."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पातेलं तिरकं धरलं, आणि तो फुटलेल्या बोटांनी तळ पुसून खाऊ लागला.