उन्हात ठेवलेला डबा

शिवराजने तरुणपणी जपानात सहा वर्षं काढली, ती एका झाडाच्या चिकापायी. त्या चिकाची लाख लाकडावर चढवायची, कडक झाली की घासायची, पुन्हा चढवायची. ही लाख उन्हात वाळत नाही, दमट हवेतच कडक होते. म्हणून नल्लकुंटा भागातल्या घरात त्याचं एक कपाट होतं, आतून ओली फडकी लटकवलेलं. उन्हाळ्यात तो ती दिवसातून चार वेळा भिजवी.

बावीस वर्षांत त्याची तीन प्रदर्शनं झाली. तिसऱ्यात एका गृहस्थाने वाडग्यावर टिचकी मारून विचारलं, “क्या साब, प्लास्टिक है क्या?”

“नै, लकडी है.”

“दिखती तो नै,” म्हणत गृहस्थ चहाकडे वळले.

त्यानंतर चौथं प्रदर्शन झालंच नाही. बायकोचा भाऊ केशवराव याचं कोठीच्या बाजारात बक्षिसाच्या ढाली-चषकांचं दुकान होतं. अडीअडचणीला शिवराज तिथे नावं रंगवायला जाई.

“दाजी, रोजच या की,” केशवराव म्हणे. “टेबल आहे, पंखा आहे. घरी कपाटाला काय पाणी पाजत बसता?”

गेल्या दिवाळीआधी जपानहून गुरुजींचं पत्र आलं. वय शहाऐंशी. शिष्यांचं अखेरचं प्रदर्शन भरवत होते. प्रत्येकाने एक वस्तू पाठवायची. ज्याची निवडली जाईल, त्याला त्यांच्या कार्यशाळेत कायमची जागा. सोबत लाखेची डबी होती. माझ्याकडची ही शेवटची, असं त्यांनी लिहिलं होतं.

शिवराजने झाकणाचा एक डबा करायला घेतला. सात महिने थरावर थर चढवले. एप्रिलच्या शेवटी अखेरचा थर दिला तेव्हा गुरुजींची लाखेची डबी खरवडून रिकामी झाली होती. पाठवायला नऊ दिवस उरले होते. त्याच दिवशी केशवरावाचा निरोप आला, एका शाळेच्या ढाली संध्याकाळपर्यंत हव्यात. शिवराजची थोरली बहीण इंदुताई कुरडया घालायला लातूरहून आलेली होती. दुपारी फडकी भिजव, एवढं तिला सांगून तो गेला.

परतला तेव्हा कपाट रिकामं होतं.

“ताई, डबा?”

“गच्चीत. अरे, आत नुसतं ओलंकिच्च! डबा बोटाला चिकटला माझ्या. म्हटलं, असा कधी वाळायचा? कुरडयांशेजारी ठेवलाय. आतापर्यंत खडखडीत झाला असेल बघ.”

तो वर गेला. झाकणाचा एक कोपरा वाकून वर आला होता. लाख अजून ओलीच होती. तिच्यात धूळ होती, एक माशी होती आणि ताईचा अंगठा उमटला होता. झाकण त्याने दोनदा बसवून पाहिलं. बसलं नाही.

खाली येऊन त्याने आधी ताईचे हात तेलाने पुसले.

“हे कशाला?”

“लाख अंगावर उठते. उद्या खाज येईल, घाबरू नकोस.”

“बिघडलं का रे काही?”

“नाही.”

“मग परत रंगव की.”

“हो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईचे हात सुजले. शिवराजने तिला दवाखान्यात नेऊन आणलं, मग केशवरावाला फोन केला. “उद्यापासून रोज येतो.”

“वा दाजी! सुटलात एकदाचे.”

फोन ठेवून त्याने कपाटातली फडकी काढली, पिळली आणि दोन्ही दारं सताड उघडी टाकली.

“उघडंच ठेवणार?” ताईने विचारलं.

“वाळू दे. तुझ्या कुरडया ठेवायला होईल.”