रुपाबाईच्या आरशांची जीप

कामरगावचे किराणा दुकानदार कैलासचंद यांच्याकडे लिलावात घेतलेली एक जुनी जीप होती. ती कारंजापर्यंत सवाऱ्या न्यायची. चौऱ्याहत्तर साली त्या रस्त्यावर दोन कोऱ्या जीपा आल्या आणि हिच्याकडे कोणी फिरकेना. शेठनी ती विकायची ठरवली. ड्रायव्हर किसनसिंग बंजारा तांड्यावरच्या घरी येऊन म्हणाला, "आता पुन्हा ऊस तोडाले जा लागते."

त्याच्या बायकोला, रुपाबाईला, ते नको होतं. मागच्या खेपेला उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तिचं तान्हं पोर तापानं गेलं होतं.

दोन दिवसांनी तिनं आपल्या लग्नातला घागरा उसवला आणि आरसे, कवड्या लावून जीपच्या फाटक्या गाद्यांना खोळी शिवल्या. बाजाराच्या दिवशी बाया कोऱ्या जीपा सोडून हिच्यात बसल्या. शेठनी विक्री थांबवली.

मग दरवर्षी नवा साज व्हायला लागला. शेठ कापड द्यायचे, रुपाबाई शिवायची, पेंटर पुढच्या काचेवर 'दिवाळी स्पेशल', 'लगीन स्पेशल' असं लिहायचा. इंझोरी, धनजची माणसं वरातीसाठी तीच जीप मागायची. आतलं यंत्र मात्र तेच, जुनं.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीआधी किसनसिंग जेवताना सहज बोलून गेला, की उतारावर ब्रेक दोनदा दाबावा लागतो. दुसऱ्या दिवशी रुपाबाईनं शेठनी दिलेलं मखमलीचं कापड दुकानात परत नेलं.

"शेठजी, यंदा तिले नवे कपडे नोको. ब्रेक नवे करा."

"लोक नवा साज पाह्यले येतात, बाई."

"लोकं लेकरं घेऊन बसतात तिच्यात."

शेठनी मखमल परत फडताळात ठेवली. आठवडाभर जीप ब्रेकसाठी अकोल्याच्या गॅरेजात राहिली. त्या मार्गशीर्षात वऱ्हाड घेऊन येताना उतारावर अचानक म्हैस आडवी आली. जीप जागच्या जागी थांबली. आत चौदा माणसं होती, त्यांत शेठची लेकही होती.

संध्याकाळी शेठ आणि त्यांच्या पत्नी पानाबाई तांड्यावर आले. पानाबाईंनी रुपाबाईचे हात हातात घेतले. "तुयामुळं माही पोरगी घरी आली," त्या म्हणाल्या.

रुपाबाईला अवघडल्यासारखं झालं. ओट्यावर तिच्या दोन पोरी पाटीवर अक्षरं गिरवत होत्या. त्यांच्याकडे पाहत ती म्हणाली, "तुमच्या जीपनं मले घरी राहू देल्लं, बाई. माह्या या दोघी त्याच्यानंच वाचल्या."