वेलघाणी समजून

सोलापुरात विजापूर रस्त्यावरचं छोटं घर आम्ही विकत घेतलं तेव्हा मागच्या अंगणात नुसतं रान माजलेलं होतं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून वेलघाणीची चिकट, लवदार वेल जाळीचं कुंपण ओलांडून आत आली होती. हात लागला तरी उग्र वास सुटायचा. मी नोकरीतून नुकतीच निवृत्त झाले होते, अंगात उत्साह होता. दोन दिवसांत सगळ्या वेली उपटल्या आणि पेटवून दिल्या.

महिन्याभरानं, ऐन वैशाखातल्या दुपारी, दारात एक म्हातारी बाई आली. बुरख्याचा पडदा मागे टाकलेला, हातात ओलं फडकं. ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांची ती आई. आता मंगळवेढ्याला लेकीकडे राहत होती, एसटीनं आली होती.

"बाई, मागं माझी कृष्णकमळाची वेल हाय. एक फांदी न्यायला आले."

तिचा नवरा ट्रक चालवायचा. शेवटच्या फेरीत त्यानं ती फांदी बेळगावहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. "त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय," ती म्हणाली.

उपटताना एका वेलीची पानं गुळगुळीत लागली होती, चिकट नव्हती, वासही नव्हता. ते मला जाणवलं होतं. तरी मी थांबले नव्हते.

"उन्हानं वाळली हो, मावशी." तोंडातून निघून गेलं.

ती मागच्या दारापर्यंत गेली, थोडा वेळ बघत राहिली. "जाऊ द्या. सोलापूरचं ऊन." फडक्याची घडी केली आणि पाणीही न पिता गेली.

त्यानंतर दुपारी घर शांत झालं की मागच्या दारात कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. उठून बघायची. कुणी नसायचं. एकदा तर "या, मावशी" असं म्हणूनही गेले, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले.

पावसाळ्यात जागोजागी कोंब आले. एकालाही हात लावायचा धीर होईना. वेलघाणी ही कृष्णकमळाचीच रानटी बहीण; कोवळेपणी दोन्हींची पानं सारखीच दिसतात. रोज उकिडवी बसून एकेक पान चुरगळायची, हुंगायची. बोटांना तोच घाण वास. "पुन्हा रान करणार आहेस का?" हे विचारायचे. मी पुढच्या कोंबाकडे सरकायची.

श्रावणात धुण्याच्या दगडाजवळ, फरशीच्या फटीतून एक कोंब वर आला. लव नाही, वास नाही. आठवड्यानं पान उलगडलं, त्याला पाच बोटं होती; वेलघाणीला तीनच असतात. जमिनीत मूळ राहिलं होतं तर.

दसऱ्यानंतर ती वेल कुंडीत लावून मी मंगळवेढ्याला गेले. म्हातारीनं पान चुरगळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"हीच," ती म्हणाली. मग शांतपणे, "तुमी उपटली व्हती, व्हय?"

मी हो म्हणून मान हलवली. "तुम्हाला कसं कळलं?"

"वाळलेली वेल जाळी सोडत न्हाई, बाई. तिचे दोरे तसेच गुंडाळलेले राहतात. तुमची जाळी मोकळी व्हती."

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले व्हते की."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. लेकीनं चहा आणला. म्हातारी कुंडी जवळ ओढून मातीत बोट खुपसत, उर्दूत काहीतरी पुटपुटत राहिली. ते माझ्यासाठी नव्हतं. मी चहा संपवला, निघते म्हणाले. माफी जिभेवर आली होती, पण लेक समोर होती आणि बसची वेळ झाली होती. पुढच्या खेपेला मागू, असं ठरवलं.

संक्रांतीच्या सुमारास तिच्या लेकीचा फोन आला. अम्मी गेली. "वेल खिडकीवर चढलीय," तिनं सांगितलं, आणि फोन ठेवला.