जुन्या एक्सलले काळा रंग

ये वं पोरी, इकडे सरक, जवळ बस. आत्याले पाहून मांडवाच्या पार त्या कोपऱ्यात जाऊन बसते? या हातांनी तुह्या वेण्या घातल्या. भांडण माहं तुह्या बापाशी आहे, तुह्याशी नाई. अन् काय झालं ते त्यानं तुले सांगितलं नसंल, म्हणून मीच सांगते.

आमचे हे गेले तवापासून पिकअप मीच चालवते. हिंगणघाटले कापूस नेते, आपला, कधी शेजाऱ्यांचा. पण मागचा एक्सल जुना झाला होता. भरली गाडी कण्हे, अन् रिकामी पळवली की एक्सलच्या मधातला दात्यांचा गोल डबा, ते डिफरन्शियल, घुंईईई करे. तुहा बाप माहा पाठचा भाऊ, वरून नालवाडीचा गॅरेजवाला. म्हणे, "ताई, मोठ्या गाडीचा एक्सल टाकू, डिफरन्शियलसकट. मंग पाय, तुही गाडी हत्तीण होते का नाई!" तुरीचे पैसे आले होते, ते त्याच्याच हातात देले.

काम आमच्या अंगणात झालं. जॅक लावला, खाली लाकडाचे ओंडके देले. मी जुनं लुगडं फाडून परातीतल्या डिझेलनं एकेक दाता पुसला. तुहा बाप गाडीखालून ओरडे, "ताई, पाना दे! तो नाई, मोठा! तुले उलथनं अन् पाना एकच दिसते का वं?"

"उलथन्यावरचं खाताना बरं ओळखतं तू!"

हसून हसून पोट दुखलं. एक्सल बसला तसं मी त्याच्या गोल पोटाले हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गाडीची घुंई बंद झाली. मले तर घरातलं कोणी गप झाल्यासारखं वाटे.

काही दिवसांनी तो म्हणे, "नवे दाते घासतात, ताई. पहिलं तेल लवकर बदलावं लागते. गाडी ठेव माह्याकडे." चाबी देली अन् मी हिंगणीले बहिणीकडे गेलती.

त्याच्यानंतरची पहिली खेप. हिंगणघाटाहून रिकामी येत होती, अन् हायवेवर मागून आलं, घुंईईई. तेच! यांच्या बाजूले बसून इतकी वर्षं ऐकलेलं. गाडी कडेले घेतली, वाकून पाह्यलं. एक्सल काळा कुळकुळीत. चाबीनं खरवडला. रंगाखालून वेल्डिंगचा वाकडा टाका निघाला, यांनी मारलेला.

तशीच गॅरेजात गेली. माहा एक्सल त्याच्या गाडीखाली. फटीत हळद अजून होती.

"ताई, तुही गाडी कापसापुरती चालते. माही रोज गिट्टी वाहते," तो म्हणे.

"बरं. मंग जुन्याले रंग काऊन मारला?"

तो हातातला पानाच पुसत राह्यला.

एक्सल नेला ते एक. पण ब्रश घेऊन बसला असंल ना तो? सावकाश हात मारले असतील. तेवढा वेळ मी त्याच्या डोळ्यापुढे होती. होतीच, मले जुना ओळखू येऊ नये म्हणून तर रंग. तेच मले झोंबते. परत बसवून देतो म्हणे. मी नाई म्हटलं. माह्या गाडीखाली त्याले पुन्हा झोपू द्यायची माही छाती नाई.

पण रंग तू लावला का? मंग तू काऊन तोंड लपवते? वेचणी लागायच्या आधी येजो. बसनं फाट्यावर उतरजो, मी घ्याले येते. गाडी लांबूनच ऐकू येईन तुले. बापाले आणजो का नको, ते मले अजून ठरवता येत नाई. तू मात्र लवकर ये.