भिंतीवरचा माझा फोटो

हार घालायचा फोटो माणूस गेल्यावर शोधायचा, अशी आमच्याकडची रीत. मी माझा या उन्हाळ्यात, धडधाकट असताना, काढून घ्यायचं ठरवलं. मुलानं घर डोक्यावर घेतलं.

"आई, जित्या माणसाचा असला फोटो काढत न्हाईत."

"मग मेलेल्याचा काढतात व्हय? तुझ्या बापाचा गेल्यावरच करून घेतला की! बघ तिकडं."

भिंतीवर आमचे हे आहेत. म्हणजे, असावेत.

पन्नाशीत, अक्कल यायच्या बरंच आधी, मला फोटोंचं वेड लागलं होतं. दुकानदार सांगत होता, "ताई, कॅमेरा साधा घ्या, पण लेन्स चांगली घ्या. फोटो काच काढते." मला वाटलं, गंडवतोय. मी दगडासारखा जड कॅमेरा घेतला आणि त्याला लावली दुकानातली सगळ्यात स्वस्त लेन्स. तो धोंडा गळ्यात अडकवून बाईसाहेब लग्नाकार्यांत मिरवायच्या, जसं काही वजनावरच फोटो निघतो.

त्याच कॅमेऱ्यानं गच्चीवर घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. दिवस कलला होता, म्हणून लेन्स सताड उघडी ठेवली. अशा लेन्सचा स्वभावच असा की मधलं तेवढं नीट दिसतं आणि कडेला चिखल होतो. सताड उघडली की तो चिखल आणखी पसरतो. मला कुठलं ठाऊक! टायमर लावला, नवं इरकल सावरत धावले आणि बरोबर मधोमध उभी राहिले. हे कडेला. होटगीला रेल्वेत होते, फलाटाच्या टोकाला उभं राहायची सवय जडलेली.

हे अचानक गेले तेव्हा दुसरा धड फोटो सापडेना. तोच मोठा करायला दिला. माझ्या इरकलाचा काठ धाग्यानिशी स्पष्ट आणि यांचा चेहरा दुधात भिजलेल्या पावासारखा. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर डोळे बसवून दिले. छान आहेत. कुणाचे आहेत, कोण जाणे.

माझ्या तोंडावर मी असले उसने डोळे बसवू देणार नव्हते.

"मी येणार न्हाय," म्हणत मुलगा लाल हेल्मेट चढवून चिंचोळीला कामावर गेला. मी नातीला घेऊन स्टुडिओत गेले. आधी लेन्स मागून घेतली आणि उजेडाकडं धरून आत बुरशी आहे का ते पाहिलं. मगच खिडकीकडं तोंड करून बसले.

"आजी, सुरकुत्या जरा कमी करू?" फोटोग्राफरनं विचारलं.

"एक जरी कमी भरली, तर फोटो परत!"

"बरं, पण हसू नका. भिंतीवर लावायचाय ना?"

"का? मेल्यावर मी हसणार न्हाय, असं कुणी सांगितलं तुला?"

फोटो आला. हनुवटीवरचा केससुद्धा दिसतोय. मुलगा बघायला तयार नव्हता. मग नातीनं मोबाईलवर माझा डोळा मोठा करून त्याच्यासमोर धरला. बुबुळात खिडकी उमटली होती आणि खिडकीबाहेर लाल हेल्मेट घातलेला माणूस.

"पप्पा, हे कोण?"

त्यानं मोबाईल हातात घेतला. "उन्हात थांबलो होतो जरा," म्हणाला.

"थांबलास ना? मग आता खिळा ठोक. बापाच्या शेजारी."

ठोकला. येणारे-जाणारे फोटो बघतात, मग मला बघतात आणि दचकतात. दचकू देत. चहा मीच नेऊन देते.