आनंदा मास्तरांची सर्व्हिस

रुकडी स्टेशन मागे पडलं आणि खिडकीतून गरम गुळाचा वास आत आला. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा धूर, वर हिवाळ्यातलं लख्ख आकाश. नाशिकहून गाड्या बदलत येताना आमची अंगं पार आंबली होती, पण त्या वासानं सगळा संघ खिडकीशी गोळा झाला. कप्तान दिनकर म्हणाला, "कप नाही मिळाला तर गूळ तरी नेऊ."

आम्ही चाललो होतो व्हॉलीबॉलच्या खुल्या स्पर्धेला. अंतिम सामना पाहायला राज्याच्या निवड समितीचे गृहस्थ येणार होते, त्यामुळे वसंताचा गाडीत डोळा लागला नव्हता. वसंता आणि रघुनाथ हे आमचे स्मॅश मारणारे. दिनकर त्यांना चेंडू उचलून देई. मी बुटका, समोरून आलेली सर्व्हिस झेलून दिनकरच्या डोक्यावर नेऊन ठेवायची, एवढंच माझं काम.

उतरण्याची सोय मंगळवार पेठेतल्या एका शाळेत होती. सकाळी उठून कट्ट्यावर (म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात ती जागा) गेलो. पेला पुढे केला की गवळी थेट त्यातच धार सोडतो. फेसाळ, कोमट दूध. मी एका पेल्यावर थांबलो तर गवळी म्हणाला, "पावणं, खेळाय आलाय न्हवं? एका पेल्यानं काय हुतंय?" दुसरा पेला घ्यावाच लागला.

पहिले सामने आम्ही धडाधड जिंकले. मात्र शेवटच्या दिवसाआधीच्या सामन्यात एक जोरदार चेंडू माझ्या अंगठ्यावर बसला आणि अंगठा वांग्यासारखा सुजला. त्या काळी सर्व्हिस बोटांनीच, कपाळासमोर घेत. अंगठा गेला म्हणजे माझं सगळंच गेलं.

त्याच संध्याकाळी आनंदा मास्तरांनी आम्हाला जेवायला बोलावलं. हे पेठेतल्या शाळेतले शिक्षक, आणि अंतिम सामन्यात आमच्यासमोर येणाऱ्या संघाचे कप्तानही. त्यांच्या आईंनी आधी माझ्या अंगठ्यावर हळद-चुन्याचा गरम लेप बांधला, मग ताटं वाढली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, बाजरीची भाकरी. तांबड्यानं डोळ्यांत पाणी आलं की पांढरा प्यायचा, असा रिवाज दिसला.

हात धुताना मास्तर मला म्हणाले, "अंगठा बघितलाय म्या. उद्या सर्व्हिस तुमच्याकडंच टाकणार. आधीच सांगतो, मागनं राग नको."

आई आतून म्हणाल्या, "आनंदा, पावण्याला जेवू घालून असं बोलत्यात व्हय?"

"जेवण घरात, खेळ मैदानात," मास्तर शांतपणे म्हणाले. मला राग आला नाही. उलट कधी एकदा सकाळ होते असं झालं.

दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. लाल मातीवर चुन्याच्या रेषा, झाडांवरसुद्धा माणसं. सामना तीन डावांचा. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्या काळी गुण मिळे तो सर्व्हिस करणाऱ्या संघालाच. समोरच्यानं सर्व्हिस जिंकून घेतली की त्याचे सहाही गडी एकेक जागा पुढे सरकतात. मागच्या रांगेतल्या गड्यानं जाळ्याशी येऊन स्मॅश मारायचा नाही.

आमचा घात तिथंच झाला. वसंता आणि रघुनाथ शेजारी-शेजारी उभे होते, त्यामुळे फिरता फिरता दोघंही एकदमच मागे आले. नेमकी त्याच वेळी सर्व्हिस मास्तरांच्या हाती आली. चेंडू डुलत डुलत येई आणि शेवटच्या क्षणी खाली बसे. मी बोटं पुढे केली की अंगठा कळवळे, चेंडू हातात अडके आणि पंच शिट्टी वाजवी. सर्व्हिस आमच्याकडे येईना, म्हणून आम्ही सरकेना. सरकेना, म्हणून वसंता मागेच अडकला. गुणामागून गुण गेले. पहिला डाव गेला.

दिनकरनं आम्हाला जवळ घेतलं आणि वसंता-रघुनाथला म्हणाला, "आता तुम्ही दोघं समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एक मागे गेला की दुसरा पुढे आलाच पाहिजे." मग माझ्याकडे वळला. "तुला बसवू का?"

"बसवू नकोस," मी म्हणालो. "बोटांनी घेत नाही. मनगटं जोडून घेतो."

"तसं कुणी घेतं का?"

"आज घेऊन बघतो."

पहिला चेंडू प्रेक्षकांत गेला आणि हशा पिकला. दुसरा जाळ्यापलीकडे गेला. तिसऱ्याला मी गुडघे वाकवले, हात हलू दिले नाहीत, आणि चेंडू अलगद वर चढून दिनकरच्या डोक्यावर गेला. रघुनाथनं तो मातीत पुरला. माझ्या अंगातून वीज गेली. दुसरा डाव आमचा झाला.

तिसऱ्यात दोघंही बरोबरीनं चढत गेलो आणि अगदी टोकाला पुन्हा मास्तर सर्व्हिसला आले. मी मागे मधोमध, वसंता माझ्या डाव्या हाताला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. चेंडू आला, डुलला, बसला. मी जवळजवळ जमिनीवर बसूनच तो उचलला. दिनकर, रघुनाथ, आणि सर्व्हिस आमची. आम्ही एक जागा सरकलो. वसंता जाळ्याशी आला. त्याच्या पुढच्या दोन स्मॅशनी सामना संपला आणि मैदानानं आमच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

निवडीत वसंताचं नाव आलं, आनंदा मास्तरांचंही. स्टेशनवर मास्तर आईंनी दिलेल्या दशम्या घेऊन आले. गाडी हलताना म्हणाले, "अंगठा बरा झाला तरी मनगटानंच घ्या, पावणं. त्ये काय मला आवरलं न्हाय बगा."

नाशिक रोडला हार घेऊन मंडळी उभी होती. वसंताला त्यांनी खांद्यावर घेतलं. शेजारच्या काकांनी मला विचारलं, "आणि तू काय केलंस रे?"

"समोरून यायचा तो चेंडू उचलून दिला."

"बस, एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. टांग्यात वसंताच्या हारांखाली दबून बसलो होतो, पण त्या दिवशी गावात शिरताना सगळ्या संघात उंच मीच आहे असं वाटत होतं.