छर्रा किती आत बसतो

मंडळी, आज सकाळी सातिवलीतल्या आमच्या छोट्या शूटिंग रेंजवर जे झालं, ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

माझा नवरा विनय बरीच वर्षं एअर रायफल चालवतो. गेल्या वर्षी कारखान्यात त्याच्या उजव्या अंगठ्याला मार लागला. जखम भरली, पण अंगठ्याला अजून काही जाणवत नाही. त्यानंतर आज तो पहिल्यांदाच रेंजवर आला होता.

नेम धरून मारलेले छर्रे कागदावर वर-खाली, कुठेही लागत होते. शेवटी त्याने रायफल खाली ठेवली. "संपलं गं आपलं. विकून टाकू ही."

आमच्या कोच सुनीताताई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "नेम चांगला आहे रे तुझा. छर्रा भरताना बघ, अंगठ्याला कळत नाही म्हणून एखादा वरच राहतो, एखादा खोल जातो. मग प्रत्येकाचा वेग वेगळा पडतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू भरून दे बरं."

मी प्रत्येक छर्रा नळीच्या कडेशी सपाट जाणवेपर्यंत अंगठ्याने दाबला. विनयने पाच मारले. कागद जवळ आणला, तर पाचही भोकं एकमेकांना चिकटलेली!

तो कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण भरले तू."

"आणि मारले कोणी?"

त्याने कागद खाली ठेवला. मग छर्‍यांची डबी माझ्यापुढे सरकवली.

ती सरकवणं त्याला किती जड गेलं, ते मला दिसलं. जवळच्या माणसाची मदत घेणं आपल्याला एवढं अवघड का जातं? तुमचं काय होतं?